फरशीवरचा ठपका

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, मी पडलो नाही. मला फरशीनं पाडलं. या दोन वाक्यांतला फरक ज्यांना किरकोळ वाटतो, त्यांनी बासष्टाव्या वर्षी, सव्वाशे माणसांसमोर, कोऱ्या करकरीत बुटांत एकदा घसरून बघावं आणि मग माझ्याशी बोलायला यावं.

आमच्या वस्तीत एक बहुउद्देशीय सभागृह आहे. बहुउद्देशीय म्हणजे ज्याचा नेमका उद्देश कुणालाच सांगता येत नाही असं. सकाळी तिथे बॅडमिंटन, दुपारी ज्येष्ठांचा व्यायाम, संध्याकाळी नाचाचा वर्ग, आणि मध्येच कधी सभा, कधी परीक्षा, कधी लसीकरण. दाराजवळ वर्तमानपत्रांचं एक टेबल आहे. ते टेबल गेली पंचवीस वर्षं मी सांभाळतो. सकाळी पेपर लावायचे, शब्दकोडं पेननं सोडवून ठेवणाऱ्या हरामखोरांवर नजर ठेवायची आणि संध्याकाळी पेपर उचलायचे. या सेवेबद्दल सभागृहाच्या समितीनं माझा सत्कार ठरवला. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नसतं, म्हणून हो म्हणालो.

माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो. सत्काराला जाताना चेहऱ्यावर जो संकोच ठेवावा लागतो, तो मी घरी आरशासमोर बसवून घेतला होता. मंचासमोर पाहुण्यांची खुर्ची होती. दोन पावलं बरी पडली. तिसऱ्याला डावा पाय पाहुण्यांकडे निघाला, उजवा पाय खिडकीकडे, आणि मधला मी खाली बसलो. नुसता बसलो असतो तरी चाललं असतं. पण बसल्या बसल्या मी पुढे सरकत गेलो आणि थेट पाहुण्यांच्या पायाशी जाऊन थांबलो. पाहुणे म्हणजे पस्तिशीतला एक अधिकारी. तो घाईघाईनं उभा राहिला आणि म्हणाला, "अहो उठा, उठा! एवढं कशाला? मी लहान आहे तुमच्यापेक्षा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठायला गेलो आणि पुन्हा बसलो, तेव्हा आणखी वाजवल्या. शेवटी मानपत्र मला खालीच देण्यात आलं. फोटोत पाहुणे वाकलेले आहेत, मी जमिनीवर आहे, आणि त्या कष्टानं बसवलेल्या संकोचाचा मागमूसही नाही.

खरं दुखणं पुढे आहे. मुलगी परगावी असते. तिला आईनं फोनवर सगळं रंगवून सांगितलं असणार, कारण तिसऱ्या दिवशी कुरिअरनं एक लांबट खोकं आलं. आत काठी. साधी काठी नव्हे, खाली चार पाय असलेली. चारही पायांना रबराची टोपणं. म्हणजे माझे दोन धरून एकूण सहा झाले.

"बाबा, नाही म्हणू नका," मुलगी फोनवर म्हणाली. "या वयात एकदा तोल गेला की..."

"तोल गेला नाही. फरशी घसरडी होती."

"बाकी कुणी का नाही पडलं मग?"

बायकोनं तोवर माळ्यावर चढायची शिडी शेजाऱ्यांकडे ठेवून दिली होती आणि स्कूटरची किल्ली कुठल्याशा डब्यात लपवली होती. सकाळी फिरायला एकट्यानं जायचं नाही, हाही हुकूम निघाला. "नाचता येईना, अंगण वाकडं," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा कपाटं धुंडाळायला लागली. लाकडी सामानाला लावायच्या पॉलिशचा डबा तिला गेले काही दिवस सापडत नव्हता. त्या शोधात ती माझ्यापेक्षा जास्त गुंतली होती, याचंही मला वाईट वाटलं.

मी खोक्यातलं बिल वाचलं. तीस दिवसांत माल परत घेतला जाईल, असं खाली बारीक अक्षरात होतं. झालं, माझ्या आयुष्याची दिशा ठरली. तीस दिवसांत फरशी दोषी ठरली, तर काठी दुकानात. नाहीतर काठी माझ्या हातात, कायमची, आणि तिच्यामागून शिडी, स्कूटर आणि माणूस म्हणून जी काही पत शिल्लक होती ती, सगळं गेलं.

सल्ला कुणाचा घ्यावा, हा प्रश्न मला पडू दिला गेला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर स्वतःच खाली आले. हे गृहस्थ नळ गळला तरी आधी आकृती काढतात. त्यांनी माझ्या मानपत्राच्या पाठीमागे एक तिरपी रेघ काढली, तिच्यावर एक चौकोन काढला आणि म्हणाले, "हे तुम्ही."

"पण फरशी सपाट आहे."

"सपाट हा शब्द फसवा आहे. तुमचं वजन किती?"

"अडुसष्ट," मी म्हणालो.

"ब्याऐंशी," आतून बायको म्हणाली.

इंजिनिअरांनी पुष्कळ गणित केलं. त्यातून असं निघालं, की मी पडायलाच नको होतो. मग त्यांनी पुन्हा केलं, तेव्हा असं निघालं, की मी उभाच राहू शकत नव्हतो. "बुटांवर अवलंबून आहे," असं म्हणून ते चहा पिऊन गेले.

मग मी साक्षीदार गोळा करायला सभागृहात गेलो, आणि तिथे माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. बॅडमिंटनचे सर म्हणाले, "घसरडी? अहो, काच आहे काच! माझी मुलं रोज घसरतात." मी हर्षभरित होऊन वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी नाचाच्या बाई म्हणाल्या, "घसरडी कुठली? नुसती चिकटते! गिरकी घेताना पाय अडकतो, गुडघे दुखतात मुलींचे. जरा घसरेल असं काही करा ना काका, तुमच्या ओळखीनं." दुपारी व्यायामाला येणारे ज्येष्ठ (मी त्यांच्यात नाही, हे इथे नमूद करतो) म्हणाले, की आम्ही पाय उचलत नाही, ओढतो. त्यामुळे घसरण्याची नव्हे, अडखळण्याची भीती. फरशी खरखरीत केलीत, तर तुमच्या घरावर मोर्चा आणू.

म्हणजे एकच फरशी सकाळी काच, दुपारी खरखरीत आणि संध्याकाळी चिकट. मला वाटायला लागलं, की फरशीचं आपलं असं काही मत नाहीच. येईल त्याला ती त्याला नको असलेलं देते. अशा फरशीविरुद्ध तक्रार कशी करायची?

तरीही मी केली. नगर कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर सार्वजनिक इमारतींचा विभाग आहे. खिडकीमागच्या बाईंनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आजोबा, चार प्रतींत भरून द्या."

आजोबा! महिन्याभरापूर्वी याच इमारतीत मला 'ओ मिस्टर' म्हणाले होते. मी गिळलं आणि अर्ज घेतला. पहिलाच रकाना होता, इमारतीचा वापर, फक्त एकावर खूण करा. पुढे क्रीडागृह, नृत्यशाळा, विद्यालय, रुग्णालय, कार्यालय आणि सार्वजनिक स्नानगृह.

"यात बहुउद्देशीय नाही," मी म्हणालो.

"एकच उद्देश लिहायचा. प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. नाचाच्या जागी थोडं घसरलेलं चालतं, स्नानगृहात चालत नाही."

"पण ती इमारतच बहुउद्देशीय आहे. तसा फलक तुमच्याच कार्यालयानं लावलाय."

"फलक दुसरा विभाग लावतो." बाईंनी चष्मा वर केला. "असं सांगा, तुम्ही पडलात तेव्हा इमारत काय होती?"

आयुष्यात मला पुष्कळ प्रश्नांनी गोंधळात टाकलंय, पण या प्रश्नाची बरोबरी कुणी केली नाही. मी म्हणालो, "तेव्हा सत्कार होता."

"वार आणि वेळ?"

"शनिवार, संध्याकाळी साडेसहा."

त्यांनी एक जाडजूड वेळापत्रक काढलं. "शनिवार, साडेसहा. नृत्यवर्ग."

"तो त्या दिवशी रद्द केला होता."

"रद्द केल्याची नोंद नाही. सत्काराचीही नाही."

"अहो, पण सत्कार झालाय! मानपत्र आहे माझ्याकडे!" मी ते काढून दाखवलं. त्यांनी मागची बाजू पाहिली, तिरप्या रेघेवरचा चौकोन पाहिला आणि परत दिलं.

"मानपत्र चालत नाही आजोबा. वेळापत्रक चालतं."

नृत्यशाळेवर खूण झाली. घटनेच्या वर्णनात बाईंनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अर्जदार नृत्यवर्गाच्या वेळेत पडले.' चारपैकी एक प्रत सभागृहाला गेली, ती व्यवस्थापकानं सूचना फलकावर लावली, आणि संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं, की मी नाचताना पडलो. नाचाच्या बाई रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "काका, वर्गात यायचं होतं तर मला नाही का सांगायचं? मोठ्यांची वेगळी तुकडी काढली असती." बायकोला तर तिची म्हण सरकारी शिक्क्यासह परत मिळाली. मी आगीतून फुफाट्यात पडलो होतो, आणि या पडण्याला फरशी कारणीभूत होती असंही म्हणता येत नव्हतं.

पण अर्जाला यश आलं. फरशी तपासणारा माणूस पाठवू, असं पत्र आलं. तारीख नेमकी काठीचा तिसावा दिवस. सकाळी अकरा वाजता तपासणी, दुकान रात्री आठपर्यंत उघडं. मी काठी खोक्यात घातली, बिल खिशात घातलं आणि खोकं घेऊनच सभागृहात गेलो. निकाल लागला की तिथूनच दुकान गाठायचं, असा बेत होता.

आत पाऊल टाकलं आणि माझी पाचावर धारण बसली. सगळं सभागृह लख्ख धुतलेलं. दारापासून मंचापर्यंत लाल जाजम अंथरलेलं. कार्यालयातून कुणी येणार म्हटल्यावर व्यवस्थापकानं जे सगळ्यांसाठी करतात ते केलं होतं. दारात तो स्वतः फुलांचा गुच्छ घेऊन उभा.

"अहो, हे काय केलंत? फरशी जशी असते तशी बघायचीय त्यांना!" मी ओरडलो.

"काका, पाहुणा येणार आणि फरशी घाण ठेवायची? आपली काही पद्धत आहे की नाही? मावशी पहाटे चारपासून घासतायत."

मावशी म्हणजे सभागृह झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बाई. माझ्याच वयाच्या. बसून, फडकं हातात धरून, एकेक फरशी पुसत मागे मागे सरकत जातात. पंचवीस वर्षं माझी पेपर उचलायची आणि त्यांची टेबल पुसायची वेळ एकच आहे. त्या भिंतीला टेकून गुडघे चोळत उभ्या होत्या.

तपासणारा आला. हडकुळा, अबोल माणूस, हातात एक जड पेटी. त्यानं गुच्छ घेतला, जाजमाकडे बघितलं आणि विचारलं, "हे तपासायचंय का?" जाजम गुंडाळण्यात अर्धा तास गेला. मग पेटीतून त्याचं यंत्र निघालं. एका उभ्या दांड्याला लोंबता हात आणि हाताच्या टोकाला रबराचा तुकडा. हात वरून सोडायचा, रबर फरशीला घासून पलीकडे जातं आणि काटा आकडा दाखवतो. जितकी फरशी अडवेल तितका आकडा मोठा. "छत्तीसच्या वर असला की घोर नाही," तो म्हणाला. संपूर्ण भेटीत तो एवढंच सलग बोलला.

दाराजवळ त्रेसष्ट आला. पाणी मारून एकेचाळीस. मध्यभागी एकसष्ट आणि चाळीस. खिडकीपाशी पुन्हा साठाच्या पुढे. प्रत्येक आकड्याला व्यवस्थापक मान डोलावत होता, आणि मी खोक्याला घट्ट धरत होतो. फरशी निर्दोष सुटत होती. माझ्या डोळ्यांसमोर मी दिसत होतो, सहा पायांवर, पेपर लावायला निघालेला, आणि मागून कुणीतरी म्हणतंय, आजोबा, सांभाळून.

"आणि तुम्ही कुठे पडलात?" तपासणाऱ्यानं विचारलं.

मी मंचाकडे बोट केलं. तिथे समितीचं मोठं टेबल होतं, टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत.

"ती जागा आम्ही त्याच दिवशी बंद केली," व्यवस्थापक म्हणाला. "आणखी कुणी पडायला नको म्हणून टेबल ओढून ठेवलं वर. महिनाभर हलवलेलं नाही."

"म्हणजे ती धुतलेली नाही!" मी किंचाळलो. "हलवा! टेबल हलवा!"

चौघांनी मिळून टेबल हलवलं. खाली धूळ होती, आणि धुळीखाली एक चकाकता चौरस. रबर घासलं. बावीस. पाणी मारलं. चौदा. तपासणाऱ्यानं खाली बसून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाला, "पॉलिश. लाकडाचं."

काय सांगू! मी अक्षरशः नाचलो. नृत्यशाळेतच होतो, त्यामुळे नियमाबाहेर काही झालं नाही. "बघा! बघा! मी म्हणत नव्हतो? मला पाडलं! फरशीनं पाडलं!"

"फरशीनं नाही," व्यवस्थापक म्हणाला. त्याचा आवाज एकदम बदलला होता. "ज्यानं लावलं त्यानं. फरशीला लाकडाचं पॉलिश कुणी लावलं, मावशी?"

मावशींच्या कामाचा करार दर वर्षी नव्यानं कागदावर यायचा, आणि तो त्याच आठवड्यात यायचा होता. व्यवस्थापकाला सफाई एका कंपनीला द्यायची होती, ज्यांच्याकडे गरगर फिरणारं यंत्र आहे. त्याला फक्त निमित्त हवं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यानं खिशातून पेन काढलं.

मावशींचा गुडघ्यावरचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. मी पेपर वाचत रेंगाळलो, की टेबल पुसायचं फडकं घेऊन त्या जशा उभ्या राहतात, होईल याचं वाचून, अशा नजरेनं बघितलं.

आणि मला आठवलं.

सत्काराच्या आदल्या संध्याकाळी मीच त्यांना गाठलं होतं. "मावशी, उद्या फोटो निघणार आहेत. मंचासमोरची फरशी अशी चमकली पाहिजे, की तोंड दिसलं पाहिजे." त्या म्हणाल्या होत्या, साहेब, माझ्याकडे साबणाशिवाय काही नाही. तेव्हा मी घरी गेलो होतो, कपाटातून डबा काढला होता, पिशवीत घालून आणून त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी विचारलंही होतं, "हे फरशीला चालतं का?" मी म्हणालो होतो, "चमक ती चमक. तुम्ही लावा."

महिनाभर मी जगाची साक्ष काढत हिंडलो आणि माझ्या स्वतःच्या डोक्यानं मला एका शब्दानं सांगितलं नाही. लाजेनं मी कपाळावर हात मारून घेतला आणि खोकं हातातून निसटून खाली आपटलं. मावशींनाही महिनाभर हे ठाऊक होतं. फलकावर माझा अर्ज लागला, तेव्हाही. त्या कुणालाच काही बोलल्या नव्हत्या.

आता बोलावं तर काय होणार, तेही मला दिसत होतं. माणूस नुसता पडला नाही, तर का पडला तेही विसरला. याला काठी पुरायची नाही, याला माणूस ठेवावा लागेल.

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही काय काका?"

"डबा मी आणला. मीच लावायला सांगितलं. त्या नको म्हणत होत्या. पेन उघडलंच आहे तर माझं नाव लिहा."

तपासणाऱ्यानं अहवालाचा कागद काढला आणि अपघाताच्या कारणापुढे लिहिलं, 'अर्जदार स्वतः.' मग त्यानं खोक्यातून घरंगळलेली काठी उचलली, कुतूहलानं रबराची टोपणं दाबून पाहिली, चकाकत्या चौरसावर ती टेकवली आणि जोर दिला. काठी सर्रकन घसरली. "हीसुद्धा," तो म्हणाला आणि त्यानं पेटी भरायला घेतली.

घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं, उभ्यानंच. तिनं ऐकून घेतलं. मग तिला जे हसू आलं ते पदरात मावेना. "म्हणजे डबा सापडला!" ती म्हणाली. पुष्कळ वेळानं डोळे पुसून म्हणाली, "आणि पाय चांगले आहेत म्हणायचे तुमचे. डोकंच तपासायला हवंय, पण ते लग्नापासूनचं आहे." तिनं डाळीच्या डब्यातून स्कूटरची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. "जा, दुकान बंद व्हायच्या आत काठी देऊन या."

मी गेलो. दुकानदारानं टोपणं उलटी करून बघितली. चारही टोपणांना पॉलिश आणि धूळ चिकटून काळा थर बसला होता. "हे वापरलंय," तो म्हणाला. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "आजोबा, लाजायचं काय त्यात?" मी काठी घेऊन परत निघालो.

दुसऱ्या दिवशी पेपर लावायला गेलो, तेव्हा मावशी त्या चौरसावर बसून साबणानं पॉलिश काढत होत्या. त्यांचा नव्या वर्षाचा कागद आला, हे सांगताना त्यांनी वर बघितलं नाही. मी नुसती काठी पुढे केली. त्यांनी ती वर-खाली करून बघितली, हातातलं ओलं फडकं तिच्या चार पायांभोवती गुंडाळून गाठ मारली आणि उभ्या राहून एक लांब फराटा मारला. मग मंचाखाली सारली, जिथे त्यांचा हात कधी पोचत नव्हता. आणि सरळ उभ्यानं पुसत पुसत त्या दारापर्यंत गेल्या.

मुलीचा फोन दर रविवारी येतो. "बाबा, खरं सांगा हं. काठी वापरात आहे ना?"

"रोज," मी सांगतो. "सकाळ-संध्याकाळ. तिच्याशिवाय पान हलत नाही इथे."

तेवढ्यावर तिचं समाधान होतं. सभागृहात शिरताना मी मात्र दारात बूट काढून हातात घेतो. फरशीवर आता माझा काडीचाही संशय नाही, पण ती नुकतीच पुसलेली असते.